सोसायटीत उभ्या गाडीची निगा: धुणं, पावसाळा आणि पेट्रोल-सीएनजी

मुंबईतली घरगुती गाडी आठवड्याचे पाच दिवस सोसायटीत उभी असते आणि उरलेले दोन दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते. त्यामुळे तिची झीज हायवेवर पळणाऱ्या गाडीपेक्षा वेगळी होते. रंग उन्हापेक्षा फडक्याने जास्त जातो, बॅटरी न वापरल्याने बसते, हँडब्रेक चिकटतो, वायरी उंदीर खातात आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. सर्व्हिस बुकात हिशेब किलोमीटरचा आणि महिन्यांचा असा दोन्ही दिलेला असतो. इथे बहुतेकांना महिन्यांचाच लागू पडतो. १०,००० किलोमीटर झाले नसले तरी वर्ष भरलं की ऑइल बदलायचं.

एक बादली, एक फडका

सकाळी सहाच्या सुमाराला गाडी पुसायला येणारे दादा एका बादलीत वीस-पंचवीस गाड्या उरकतात. पहिल्या दोन-तीन गाड्यांनंतर ते पाणी म्हणजे पातळ चिखल असतो. मेट्रोची, काँक्रीटच्या रस्त्यांची आणि शेजारच्या पुनर्विकासाची बारीक धूळ टपावर बसलेली असते. त्यात सिमेंट आणि वाळूचे कण असतात. ओल्या फडक्याने ती पुसली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते यातूनच. दोष त्या दादांचा नाही, दिलेल्या साधनांचा आहे.

उपाय स्वस्त आहे. रोजचं पुसणं बंद करून आठवड्यातून दोनदा करायला सांगा. आपल्या गाडीसाठी चार मायक्रोफायबर फडकी आणि स्वतंत्र बादली द्या. काच, वरची बॉडी, खालची बॉडी आणि चाकं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं फडकं. चाकांचं फडकं बोनेटला लागता कामा नये, कारण त्यात ब्रेक पॅडची लोखंडी पूड असते. आणि पुसण्याआधी गाडीवर पाणी पडलंच पाहिजे. नळी लावायला परवानगी नसेल तर बागेत फवारणीला वापरतात तो ५ लिटरचा हातपंप घ्या. तेवढ्या पाण्यात हॅचबॅकवरची सुटी धूळ खाली येते.

पंधरा दिवसांतून एकदा नीट धुण्यासाठी ३०-४० लिटर पाणी पुरतं. गाडी सावलीत घ्या आणि बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर अर्धा तास थांबा, नाहीतर शाम्पू जागच्या जागी वाळून डाग पडतात. आधी चाकं धुवा, मग टपापासून खाली पाणी मारा. एका १० लिटरच्या बादलीत कार शाम्पू घाला (बहुतेकांना २०-३० मिली पुरतो, पण बाटलीवरचं प्रमाण पाहा) आणि दुसऱ्या बादलीत साधं पाणी ठेवा. मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल सरळ रेषेत धुवायचं, साध्या पाण्यात मिट खळबळून काढायचा, मग परत शाम्पूत. क्रम टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांच्या खालच्या कडा. सर्वांत जास्त रेती त्या कडांवरच असते, म्हणून त्या आधी धुवायच्या नाहीत.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर दोन्ही टाळा. तेलकटपणा काढायला बनवलेल्या त्या वस्तू आहेत, त्या वॅक्सही काढतात आणि रबर कोरडं पाडतात.

पाणी कुठलं आहे यावरही बरंच ठरतं. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या खोऱ्यांतलं, पावसाचं साठवलेलं, म्हणून मऊ असतं. डाग फारसे राहत नाहीत. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, आणि किनाऱ्याजवळच्या बोअरचं तर मचूळ. ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके बसतात आणि तळाच्या पत्र्याला मीठ लागतं ते वेगळंच. बोअरच्या पाण्याने धुतलीत तर शेवटची अर्धी बादली नळाच्या पाण्याची ओता आणि लगेच जाड टॉवेलने टिपून घ्या. घासू नका, टॉवेल पसरून ओढा.

डाग कशाचा, त्यावर औषध

कबुतरांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) किंचित मऊ होतो, विष्ठा सुकून आक्रसते आणि कोटवर खड्डा सोडते. मे महिन्यात एका दुपारीही हे होऊ शकतं. ओला टिश्यू त्यावर १० मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या. नखाने खरवडायचं नाही.

वर्षावृक्षावर पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी कीड) पडला की खाली उभ्या गाडीवर चिकट थेंबांचा पाऊस पडतो. ताजा असेल तर कोमट पाण्याने निघतो. आठवडाभर राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते; मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपावं आणि ती जागा लगेच धुवावी. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर लागतो. केरोसीनने निघतात हे खरं, पण थेंबभर, रबरापासून लांब, आणि नंतर शाम्पू लावूनच.

सिमेंटचे शिंतोडे हा अलीकडचा कायमचा त्रास. शेजारी स्लॅब ओतला जात असेल तर गाडी हलवणं हाच खरा इलाज. ओले असतील तर भरपूर पाणी मारा, हात लावू नका. वाळले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं भिजवा, १० मिनिटं ठेवा, धुवा, परत ठेवा. सिमेंटमधला चुना आम्लात हळूहळू सुटतो. तीन-चार वेळा करावं लागतं. घाई करून ब्लेड लावलं की पेंटरकडे जाणं ठरलेलं.

यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये खालची जागा मिळाली असेल तर वरच्या गाडीचं पाणी, गंजाचे थेंब आणि साखळीचं ग्रीस आपल्या टपावर येतं. वरच्या प्लॅटफॉर्मखाली ठिबक-ट्रे बसवून घेण्याची मागणी सोसायटीकडे लेखी करा. जागा खड्ड्यातली असेल तर मोठ्या पावसाच्या इशाऱ्याच्या आदल्या रात्रीच गाडी बाहेर काढा; वीज गेली की प्लॅटफॉर्म वर येत नाही आणि पंपही बंद पडतो.

कव्हर घालणाऱ्यांना एकच सांगणं: धुळकट किंवा ओल्या गाडीवर कव्हर म्हणजे रोजचा पॉलिश पेपर अधिक वाफारा. रेक्झिनसारखं हवा न खेळणारं कव्हर पावसाळ्यात घालूच नये.

खारा वारा

वरळी, मरीन ड्राइव्ह, वांद्रे बँडस्टँड इथे मोठ्या भरतीला लाटेचं पाणी थेट रस्त्यावर येतं. अंगावर लाट घेतलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. टपापेक्षा चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि तळ महत्त्वाचा, कारण पत्र्याच्या जोडात अडकलेलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंज आतून चालू होतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तळ धुवून घ्यावा.

वॉशिंग सेंटरवर दोन गोष्टींना नाही म्हणा. एक, तळाला चकाकी यावी म्हणून मारतात तो डिझेलचा फवारा. त्याने सस्पेन्शनचे रबर बुश फुगतात आणि तेलकट थरावर धूळ आणखी चिकटते. दोन, इंजिनात प्रेशरचं पाणी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कनेक्टर यांना ते मानवत नाही. बोनेटखाली दमट फडकं पुरेसं आहे.

वॅक्स वर्षातून दोनदा तरी लावा, मेच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. पाणी टाकल्यावर गोल थेंब उभे राहिले तर वॅक्स आहे. पाणी पसरून बसलं तर गेलं.

रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी थर दिसतो. तो वरवरचा असतो, चार-पाच ब्रेकांत जातो. आठवडाभर हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीत मात्र मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि सुटताना ठक्क आवाज येतो, कधी सुटतच नाहीत. सपाट जागेवर मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक पार्कमध्ये, चाकाला गट्टू लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

जूनच्या आधीची कामं

वायपरचं रबर उन्हात कडक होतं. काचेवर रेषा सोडत असेल तर पहिल्या पावसाची वाट न बघता मेमध्येच बदला. वॉशरच्या टाकीत साबणाची पावडर घालू नका, जेट बुजतात.

वायपरच्या खालची जाळी उघडून आतला पाला काढा. सोनमोहर आणि गुलमोहराच्या पाकळ्या तिथे कुजून लगदा होतो, पाण्याची वाट बंद होते आणि ते पाणी एसीच्या ब्लोअरमध्ये उतरतं. दारांच्या तळाशीही दोन-तीन भोकं असतात. दार उघडताना आत पाणी डचमळल्यासारखं वाजत असेल तर ती बुजली आहेत, झाडूची काडी घालून मोकळी करा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या तपासून घ्या. पुढच्या सीटखालची मॅट पाऊस नसतानाही ओली होत असेल तर दोष सहसा एसीच्या निचऱ्याच्या नळीचा असतो.

एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो. वर्षातून एकदा बदला. मुंबईच्या धुळीत मध्ये एकदा काढून झटका. पावसाळ्यात कुबट वास नको असेल तर घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून पंखा चालू ठेवा, म्हणजे आतली कॉइल सुकते. आतून काचेवर धुकं धरलं तर एसी चालू करून बाहेरची हवा काचेवर सोडा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर ओल आतच राहते. बाहेरून धरलं तर एसी जास्त गार आहे, तापमान वाढवा आणि वायपर फिरवा.

मॅट ओल्या झाल्या की बाहेर काढा आणि खालच्या कार्पेटवर वर्तमानपत्रं पसरा. कार्पेटखालचा फोम चार दिवस ओला राहिला की बुरशी येते, आणि तो वास परफ्युमने फक्त गोड होतो, जात नाही.

उंदरांचं. गाडीत वेफर्सचे पुडे आणि बिस्किटांचे तुकडे ठेवू नका. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बॅटरीच्या आजूबाजूला लेंड्या किंवा कुरतडलेला फोम दिसतो का पाहा. ब्लोअरच्या तोंडाला आणि खालच्या मोकळ्या जागांना बारीक तारेची जाळी बसवून घेणं फवाऱ्यांपेक्षा जास्त काळ उपयोगी पडतं. फवाऱ्याचा वास थोड्या दिवसांत उडतो.

बॅटरी आणि टायर

इंजिन बंद करून काही तास झाल्यावर मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली गेली तर चार्ज करायलाच हवी. टर्मिनलवर पांढरट-हिरवा साका आला असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, आधी पॉझिटिव्ह आणि मग निगेटिव्ह जोडा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

रोज सकाळी पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवण्याची सवय बऱ्याच सोसायट्यांत दिसते. त्याने बॅटरीत स्टार्टला गेलं तेवढंही धड परत येत नाही, आणि इंजिन पुरतं न तापल्यामुळे सायलेन्सरात आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास चालवून आणा. बीएस ६ डिझेल गाडीला तर हे सक्तीचंच समजा. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला सलग वेग लागतो. इस्टर्न फ्रीवे किंवा एक्सप्रेस हायवे मोकळा असताना ६०-८० च्या वेगाने २० मिनिटं मिळाली तर डीपीएफचा दिवा बहुधा लागत नाही.

टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे आणि टायर थंड असताना भरा. स्टेपनीत पण. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली की टायर संपला, आणि पावसाळ्यात त्याच्या आधीच.

पाणी तुंबलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा दिवस विरळा, पण हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे एका जोरदार सरीतही गाडी अडकू शकते. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं तर मागे फिरा. त्याहून कमी असेल तर एसी बंद, पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, आणि समोरून येणारी बस जाईपर्यंत थांबा. गाडीच्या नाकात (इंजिनाच्या हवेच्या वाटेत) पाणी बहुतेक वेळा बसच्या लाटेनेच जातं. सबवेत तर उतरूच नका.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं पाणी गेलेलं इंजिन साफ होतं, स्टार्टर मारलेलं उघडावं लागतं. इंजिन प्रोटेक्शनची जोड नसलेल्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, फोटो काढा, टो करा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढून नेऊ नका, फ्लॅटबेडवर चढवा. नंतर डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे.

पाणी वाढत असताना आत बसून राहू नका. काच आणि लॉक चालेनासे होण्याआधी बाहेर पडा. खिडकीची काच कोपऱ्यात मारली तर फुटते. समोरची लॅमिनेटेड असते, ती तडकते पण सुटून पडत नाही. छोटा हातोडा हाताला लागेल असा ठेवा, डिकीत नको.

पंपावर

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं (ई २०) मिळतं. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं कमी दिसतं. उभ्या गाडीसाठी महत्त्वाचा गुण दुसरा: ते पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी मिसळलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधन पंप तळाचंच उचलतो. म्हणून महिनाभर गावी जाणार असाल तर पावसाळ्यात टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतली दमट हवा कमी होते. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल साठवू नका. झाकण टक् वाजेपर्यंत फिरवा. ढिलं राहिलं तर काही गाड्यांत इंजिनचा दिवा लागतो. जुन्या, ई २० साठी न बनलेल्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या दरवर्षी तपासून घ्या.

इंजिन बंद करा, मशिनवर झीरो बघा, इंधनाचं नाव वाचा. नोझल आपोआप थांबला की तिथेच थांबा. "राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणा. टाकीत वर सोडलेली जागा इंधन प्रसरण पावण्यासाठी असते. ती भरली की पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो निकामी होतो.

सकाळी थंडगार पेट्रोल जास्त मिळतं, हा हिशेब सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपार असा फारसा फरक पडत नाही. १०० ऐवजी ११० रुपयांचं भरल्यानेही काही साधत नाही. शंका आली तर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, त्यात २५ मिलीपर्यंतची कमी-जास्त चालते. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघण्याचाही हक्क आहे. शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग ठेवत नाही. घनता मोजायला लावली तर सकाळी नोंदलेल्या आकड्यापेक्षा ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक नको. पाणी तुंबलेल्या भागातल्या पंपावर एक-दोन दिवस भरणं टाळा आणि बिल ठेवा. पाणी निघालं तर बिलाशिवाय भांडता येत नाही.

चुकीचं इंधन पडलं आणि ते वेळेत कळलं तर चावीही फिरवू नका. चावी लावताच इंधन पंप चालू होऊन ते पुढे ढकलतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. काही डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते ती युरियाच्या द्रावाची. त्यात डिझेल किंवा डिझेलमध्ये तो द्राव, दोन्ही महागात पडतं.

सीएनजी भरताना सगळे उतरायचे, मुलं झोपलेली असली तरी. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ८-९ किलो गॅस बसतो, दाब २०० बार. भरताना गॅस तापतो, म्हणून मेच्या दुपारी काटा भरलेला दाखवतो आणि किलो कमी निघतात. रिक्षा-टॅक्सींची रांग मोठी असते तेव्हा पंपाचाच दाब उतरलेला असतो. रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे जा. सीएनजी गाडीत पेट्रोल पाव टाकी तरी ठेवा. गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, आणि टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो. आठवड्यातून पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा म्हणजे तेही शिळं होत नाही. गॅसचा वास आला तर इंजिन बंद करा, काचा उघडा, सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह फिरवून बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जातो, पण बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये छताला साठतो. तिथे वास आला तर स्विच दाबत बसू नका, आधी बाहेर या.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी लागते, कंपनीने बसवलेल्या किटलाही. पुढची तारीख प्लेटवर असते. मुदत संपलेली दिसली तर पंपावरचा माणूस नोझल लावणार नाही, म्हणून ती तारीख मोबाइलमध्ये महिनाभर आधीची लावून ठेवा. टेस्टला सिलिंडर काढून न्यावा लागतो आणि गाडी दोन-चार दिवस पेट्रोलवर चालवायची तयारी ठेवावी लागते.